पालथा आरसा

"मॅडम, गुरुवारी ट्रायल फिक्स झाली! दादा स्वतः आगीसमोर उभा राहणार आहे."

रोहिणी तांडेल फोनवर इतकी खुशीत होती की मला मध्ये बोलायला जागाच मिळेना. "दादाचे साहेब म्हणाले, लॅबचा रिपोर्ट एवढा चांगला आहे तर डमी कशाला? माणूसच उभा करू. तुमच्यामुळे झालं हे मॅडम. एकदम झकास रिपोर्ट दिलात."

रिपोर्ट झकास नसतो. तो बरोबर असतो किंवा चूक असतो. एरवी हे मी प्रत्येक क्लायंटला सुनावते. त्या दिवशी सुनावलं नाही, कारण माझे डोळे समोरच्या स्क्रीनवर खिळले होते. ट्रायलच्या जागी भिंतीवर लावायला रोहिणीला तिच्या फिल्मचा, म्हणजे तिनं बनवलेल्या पातळ थराचा, आलेख मोठा करून हवा होता. मी तो मोठा केला, आणि त्यात अशी काही टोकं दिसली जी तिथे असायलाच नको होती.

"तुझा आलेख उद्या पाठवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. माझ्याकडे इन्फ्रारेडचं मशीन आहे, त्याला आम्ही एफटीआयआर म्हणतो. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. शेगडीसमोर उभं राहिलं की गालाला जी धग लागते, ती बरीचशी हाच प्रकाश असते. माझं मशीन हा प्रकाश वस्तूवर टाकतं आणि त्यातला किती परत आला, किती वस्तूनं गिळला, हे मोजून कागदावर एक वेडीवाकडी रेघ काढतं. प्रत्येक पदार्थ या प्रकाशाचे ठरावीक रंग गिळतो, त्यामुळे प्रत्येकाची रेघ वेगळी असते. आमचं रोजचं काम म्हणजे तूप, खाद्यतेल, रंग, प्लॅस्टिक. तुपात भेसळ आहे का, हे विचारायला येणाऱ्यांनी माझी निम्मी नोकरी खाल्ली आहे.

रोहिणीचं काम वेगळं होतं. ती ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली. घरात आईचा मासळीचा धंदा. मुलगी मटेरियल सायन्स शिकली आणि तिने आगीत जाणाऱ्या माणसांच्या हेल्मेटची पुढची काच, म्हणजे व्हायझर, हातात घेतला. त्याचं कारण तिचा भाऊ महेश. तो चेंबूरकडच्या एका खासगी कंपनीच्या फायर टीममध्ये आहे. एका केमिकल गोदामाच्या आगीत त्याच्या व्हायझरमधून आलेल्या धगीनं डावा गाल आणि कान भाजला. ज्वाला त्याला शिवलीसुद्धा नव्हती. नुसती धग. तो कान अजून सुकलेल्या खजुरासारखा दिसतो.

रोहिणीची कल्पना अशी. व्हायझरवर एका पदार्थाचा इतका पातळ थर द्यायचा की आरपार दिसलं पाहिजे, पण धग मात्र आल्या पावली परत गेली पाहिजे. पदार्थाचं नाव मॅक्सीन. टायटॅनियम आणि कार्बन यांचे पापुद्रे, प्रत्येक पापुद्रा मोजक्याच अणूंच्या जाडीचा. ते पाण्यात मिसळून फवारले की एकमेकांवर पत्त्यांसारखे बसतात. अशा पदार्थांना टू-डी मटेरियल म्हणतात, कारण लांबी-रुंदी आहे आणि जाडी म्हणावी अशी नाहीच. थर जाड केला तर धग जास्त परत जाते, पण काच काळी पडते आणि आत शिरलेल्या माणसाला दार दिसत नाही. पातळ केला तर दार दिसतं, पण गाल भाजतो. तिची सगळी मेहनत या दोन टोकांच्या मधली होती. व्हायझर हलक्या हिरवट गॉगलसारखा दिसायचा.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिने त्याच व्हायझरबरोबर फवारलेला चौकोनी तुकडा आणून दिला होता. मी मोजला. शंभर भाग धग पडली तर पंच्याऐंशी भाग परत, असा आकडा आला. तिला त्याच्या आसपासच हवं होतं. ती आमच्या रिसेप्शनमध्येच रडायला लागली होती.

आता ती टोकं. आम्ही त्यांना पीक म्हणतो. रोहिणीच्या आलेखात डावीकडे दोन बारीक टोकं जोडीनं उभी होती आणि मध्यावर एक एकटं. पानभर आलेखात ती नजरेत येण्यासारखी नव्हती, भिंतीएवढा केल्यावर आली. ही जोडी आणि हे एकटं टोक मी झोपेतही ओळखेन. ते तूप होतं.

मॅक्सीनच्या फिल्मवर तूप कुठून येणार? आणि आलं तरी टोकं खाली लोंबली पाहिजेत, कारण तूप प्रकाश गिळतं. इथे ती वर उठली होती. जणू त्या जागी फिल्म जास्तच प्रकाश परत करत होती. असं एकाच परिस्थितीत होतं. तूप फिल्मवर नाही; ज्याच्याशी आपण फिल्मची तुलना केली, त्याच्यावर आहे.

हे जरा समजावून सांगते. मशीनला शंभर म्हणजे किती हे आपणहून कळत नाही. त्याला ते दाखवावं लागतं. त्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा गोल आरसा असतो, रेफरन्स मिरर. सोनं जवळजवळ सगळी धग परत पाठवतं. आधी तो आरसा ठेवायचा आणि मशीनला सांगायचं, हे शंभर. मग सॅम्पल ठेवायचं. आता आरसाच मळका असेल आणि तो खरं तर ऐंशी-पंच्याऐंशीच भाग परत पाठवत असेल, तरी मशीन त्याला शंभरच समजतं. फूटपट्टीच आखूड झाली की तिनं मोजलेला प्रत्येक माणूस उंच भरतो.

मी कप्पा उघडून आरसा बाहेर काढला. आमच्या मशीनमध्ये आरसा पालथा ठेवतात, कारण प्रकाश खालून येतो. डबीतून कडेला धरून काढायचा, भोकावर पालथा ठेवायचा, काम झालं की तसाच डबीत. त्याच्या तोंडाकडे बघायची वेळच येत नाही. मीही मापनाच्या दिवशी बघितलं नव्हतं. आता खिडकीशी नेऊन तिरका धरला. बरोबर मधोमध, नखाएवढा, धुरकट डाग होता. डागात बारीक ओरखडे होते आणि एका ओरखड्यात लाल रंगाचा कण अडकला होता.

मशीनला अजून झेंडूची सुकलेली माळ होती. खंडेनवमीला मी रजेवर होते. वाकोल्याला सासरी दर वर्षी घरची पूजा असते. आमच्या लॅबमध्येही खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा होते, आणि ती करतात लॅबचे मालक सावंत सर, स्वतःच्या हातानं. मी आरसा डबीत घालून त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, खंडेनवमीला हा आरसा बाहेर काढला होता का?"

"काढला होता की," सर म्हणाले. "यंदा पूजेत मधोमध तोच ठेवला. खरं सोनं आहे, लॅबची लक्ष्मीच ती. का गो?"

"कुंकू लावलंत त्याला?"

"पूजेत मांडलेल्या वस्तूला कुंकू लावतात, परब. तू काय लावतेस, लिपस्टिक?"

"त्याआधी हात कशाला लागला होता?"

सर विचार करू लागले. "निरांजन लावलं होतं. तुपाची वात."

"आणि नंतर कुंकू पुसलं कोणी?"

"मीच. माझ्या रुमालानं. धुतलेला होता हां, मळका नव्हता."

मी डोळे मिटून घेतले. त्या आरशावरचा सोन्याचा मुलामा इतका नाजूक असतो की त्याला कापूसही लावत नाहीत. धूळ बसली तर कोरडी हवा सोडून उडवायची, बस. कुंकवात हळदीची भुकटी, त्यात तुपाचं बोट, आणि वरून सुती रुमाल घसाघसा. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे माझ्या पूजेनं मशीनची वाट लावली असं म्हणतेस तू?"

"मशीन ठणठणीत आहे. आरसा गेला. आणि त्या आरशावर काढलेला आकडा गेला."

"इतकी वर्षं पूजा करतोय मी. कधी काय झालं?"

"इतकी वर्षं आरसा डबीत होता, सर."

"माका शिकवू नको!" सर उठून उभे राहिले आणि लगेच खाली बसले.

त्यांच्या टेबलावर एक लाकडी धोटा आहे, मागावर आडवा धागा नेणारा. तो त्यांच्या वडिलांचा. वडील परळच्या गिरणीत मागावर होते. खंडेनवमीला गिरणीत मागांची पूजा व्हायची. लहानग्या सावंत सरांना वडील खांद्यावर बसवून न्यायचे आणि मागाला कुंकू त्यांच्या हातून लावून घ्यायचे. गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांनी एवढा धोटा घरी आणला. आमच्या लॅबच्या पूजेत तो दर वर्षी असतो. यंदा त्याच्या शेजारी आरसा होता. हे मला माहीत होतं, म्हणून मला सरांचा राग येत नव्हता. वाईट वाटत होतं. पण गुरुवार समोर होता.

"सर, माझं ऐकू नका," मी म्हटलं. "मशीनला विचारा."

आम्ही दोघं माझ्या खोलीत आलो. प्रकाश आरशाच्या मध्यावर पडतो. टिळाही लोक मध्यावरच लावतात. तेव्हा आरसा थोडा सरकवला की प्रकाश कडेला पडेल, जिथे कुंकू पोचलं नव्हतं. मी आधी मध्यावर मोजलं. मग सरांना म्हटलं, तुम्हीच सरकवा. त्यांनी दोन बोटांनी आरसा सरकवला. स्क्रीनवरची रेघ झपकन वर गेली आणि तुपाची टोकं नाहीशी झाली. सरांनी आरसा पुन्हा मध्यावर आणला. रेघ खाली. पुन्हा कडेला. रेघ वर. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं.

"तिचा खरा आकडा किती?" त्यांनी विचारलं.

"या आरशावरून धड सांगता येणार नाही. कडेचा हिशेब धरला तर बहात्तरच्या आसपास."

"पंच्याऐंशीचे बहात्तर. तेरा कमी."

"असं नका मोजू, सर. परत गेली त्याचा हिशेब कशाला? परत गेली नाही ती मोजा. पंधरा भाग सोसायचे होते, ते अठ्ठावीस झाले. काचेवर आणि चेहऱ्यावर मिळून जवळजवळ दुप्पट."

सर माझ्या स्टुलावर बसले. आमच्या धंद्यात दिलेला रिपोर्ट मागे घेणं म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती. पुढचा ऑडिट करणारा माणूस तेच पान आधी उघडतो. जुने क्लायंट फोन करून विचारतात, आमचे रिपोर्ट तरी बरोबर आहेत ना? मी मनात वाद घालायची तयारी करत होते. सर म्हणाले, "फोन लाव तिला. मी बोलतो."

"मी सांगते ना, मापन माझं होतं."

"हात माझा होता," सर म्हणाले आणि फोन घेतला.

त्यांनी काहीच लपवलं नाही. पूजा, तूप, कुंकू, रुमाल, सगळं सांगितलं. मग मला रोहिणीचा आवाज फोनबाहेर ऐकू आला. "सर, साहेबांना सांगून झालंय माझं! तुम्ही आत्ता सांगताय?" सर म्हणाले, "आत्ता कळलं, म्हणून आत्ता सांगतोय, बाळा." तिनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ती महेशला घेऊन आली. महेश दरवाजा भरून टाकणारा गडी, बोलायला मोकळा. शेजारच्या कॉलेजमधून मी नवा, सीलबंद आरसा मागून आणला होता. रोहिणीच्या समोर सील फोडलं, तिला आरशाचं तोंड दाखवलं, मग पालथा ठेवला. तुकडाही तिनंच ठेवला. आकडा आला बहात्तर.

रोहिणी स्क्रीनकडे बघत राहिली. "मॅडम, मी केलं तेव्हा जास्त होतं. मी शपथेवर सांगते."

"असेलही. तुकडा ठेवला कुठे होतास?"

"घरी. कपाटात, व्हायझरबरोबर."

"ट्रॉम्बेला? खाडीच्या काठी?"

तिनं कपाळाला हात लावला. मॅक्सीनला दमट हवा सोसत नाही. ते हळूहळू गंजतं, पापुद्रे पांढरे पडत जातात आणि धग परत पाठवायची ताकद कमी होते. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण आमचा पंच्याऐंशीचा आकडा आल्यावर तिनं ती शंका डोक्यातून काढून टाकली होती.

महेश इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. "मॅडम, एक विचारू? आता आम्ही घालतो तो व्हायझर किती परत पाठवतो?"

"साधं प्लॅस्टिक आहे. फारसं काहीच नाही."

"मग? त्याच्यात मी रोज आत जातो. बहात्तर त्यापेक्षा लय भारी झालं ना? राहतो उभा. काय होतंय!"

"दादा, गप," रोहिणी म्हणाली.

"गप काय? ही ट्रायल गेली तर परत मिळणार नाय. साहेब बदलतात, नवीन येतो तो म्हणतो, कसली फिल्म? तुझी एवढ्या वर्षांची मेहनत आहे, रोही."

मला त्याचं म्हणणं क्षणभर पटलं. खोटं बोलत नाही, पटलं. खोलीतल्या सगळ्यांची सुटका त्यात होती. सरांचीही होती, माझीही होती. पण मग मी त्याला विचारलं, "साध्या व्हायझरमध्ये तुम्ही मागे कधी फिरता?"

"चटका बसायला लागला की. कानाला कळतं आधी." त्यानं त्या सुकलेल्या कानाला हात लावला.

"आणि गुरुवारी किती वेळ उभं राहायचं, किती जवळ, हे कशावरून ठरलं?"

रोहिणीनंच उत्तर दिलं. "रिपोर्टवरून. पंच्याऐंशी धरून."

"म्हणजे रोजच्यापेक्षा जवळ आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ," मी म्हटलं. "आणि समोर साहेब बघताहेत, बहिणीची फिल्म आहे. कानाला चटका बसला तर तुम्ही मागे फिराल?"

महेशनं माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. "नाय फिरणार," तो म्हणाला.

रोहिणी रडली नाही. तिनं तुकडा उचलून डबीत ठेवला आणि डबीचं झाकण नीट दाबून बसवलं. "दादा, तू उभा राहणार नाहीस. मी साहेबांशी बोलते. वेळ तीच, अंतर तेच, व्हायझर हाच. माणूस नको, डमी."

"हसतील तुला."

"हसू दे."

गुरुवारी सकाळी सर आणि मी दोघंही गेलो. कंपनीच्या मागच्या मैदानात लोखंडी ट्रे मांडला होता, त्यात लाकडं आणि डिझेल. डमी म्हणजे कपड्यांच्या दुकानातला पुतळा, त्याला फायर टीमचा कोट आणि हेल्मेट घातलेलं. रोहिणीनं पुतळ्याच्या दोन्ही गालांवर मेणबत्तीच्या मेणाचा थर दिला होता. मेण टिकलं तर व्हायझर पास. साहेब, म्हणजे फायर टीमचे प्रमुख, जरा नाखूश होते. रिपोर्ट चांगला आला होता, तो खराब कसा झाला, हे त्यांनी सरांना विचारलं. सरांनी त्यांनाही तेच सांगितलं, तूप आणि कुंकू. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी मान हलवली आणि आग लावायला सांगितलं.

मी आयुष्यभर धग मोजत आले, पण कागदावर. इतक्या जवळून ती कधी घेतली नव्हती. आम्ही पुतळ्याच्या बरेच मागे होतो, तरी माझ्या चष्म्याची काडी तापली. पुतळा ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या वेळेपर्यंत उभा राहिला. तो ठरल्याप्रमाणेच उभा राहणार होता. महेशही तसाच राहिला असता, हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी सरांकडे बघितलं. ते हात जोडून उभे होते.

वेळ संपली. आग विझवली. महेश स्वतः पुढे गेला आणि त्यानं पुतळ्याचा व्हायझर वर केला.

उजव्या गालावरचं मेण मऊ पडून सुरकुतलं होतं. डाव्या गालावर मेण नव्हतंच. ते ओघळून हनुवटीखाली कोटाच्या कॉलरवर थिजलं होतं. डावीकडची फिल्म जास्त गंजलेली असणार, हे मला नंतर सुचलं.

महेश बराच वेळ त्या डाव्या गालाकडे बघत होता. मग त्यानं पुतळ्याचा व्हायझर हळूच खाली केला, जसा माणसाचा करतात. मागे वळून तो बहिणीपाशी आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईला काय सांगू नको." मग रोहिणी रडली. मीही रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

साहेबांनी थिजलेलं मेण बोटानं चाचपून बघितलं. "पुढची फिल्म झाली की या," ते रोहिणीला म्हणाले. "मी असेन नसेन, सांगून ठेवतो. पण आधी डमी. यापुढे आमच्याकडे आधी डमीच." तिच्यावर हसलं कोणीच नाही.

रोहिणीला पुढची फिल्म करायला उन्हाळा उजाडला. तिनं थरावर एक पारदर्शक कवच चढवलं, हवा आत जाऊ नये म्हणून. कवचही धग गिळतं, तेव्हा तेही पातळच हवं. त्यात तिचे बरेच तुकडे वाया गेले. मी प्रत्येक तुकडा दोन आरशांवर मोजला. शेवटच्या तुकड्याचा आकडा पंच्याऐंशीला लागून आला. मी तो लगेच दिला नाही. तुकडा तिच्या कपाटात, खाडीच्या हवेत, अख्खा पावसाळा राहू दिला आणि मग पुन्हा मोजला. आकडा हलला नव्हता. डमीचं मेण टिकलं. त्यानंतर महेश उभा राहिला. बाहेर आल्यावर कसं वाटलं विचारलं तर म्हणाला, "दुपारी मासे सुकवायला बसल्यासारखं."

आमच्या ऑडिटमध्ये मागे घेतलेल्या रिपोर्टचं पान उघडलं गेलंच. आलेल्या बाईंनी कारण वाचलं, दोनदा वाचलं, आणि सरांना विचारलं, "हे असंच लिहायचं होतं तुम्हाला?" सर म्हणाले, "घडलं तसंच लिहिलंय." दोन क्लायंट आम्हाला सोडून गेले. त्यातला एक तूपवाला होता. त्याचं मला विशेष वाईट वाटलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा घेतली नाही. नवा आरसा कुलपात होता आणि किल्ली माझ्याकडे. सरांनी पूजा मांडली. वडिलांचा धोटा मधोमध, शेजारी आरशाच्या जागी आपट्याचं एक पान. दसऱ्याला सोनं म्हणून आपण तेच तर वाटतो. सगळ्या मशीनना हळद-कुंकू लावून झालं. ते लावलं बाहेरच्या पत्र्याला, तिथे काही बिघडत नाही. मग सर माझ्या कपाटापुढे येऊन थांबले. मला वाटलं, आता किल्ली मागतात. त्यांनी कपाटाच्या कुलपाला कुंकू लावलं आणि रुमाल खिशातच ठेवला.

त्या वर्षापासून आमच्याकडे एक नियम आहे. मोजायला बसण्याआधी आरसा उताणा करायचा, खिडकीशी न्यायचा आणि तिरका धरून बघायचा. त्याला मशीन लागत नाही. मग खुशाल पालथा ठेवा.